उपकार नको, देवाणघेवाण हवी

परदेशात जाऊन तंत्रज्ञान शिकविणारा माणूस म्हटला की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. श्रीमंत देशातला तज्ज्ञ गरीब देशात येतो, यंत्र बसवितो, फळ्यावर चार आकृत्या काढतो, निरोप समारंभात हार घालून घेतो आणि विमानात बसून निघून जातो. काही महिन्यांनी यंत्र बंद पडते. ते दुरुस्त करणारा गावात कोणी नसतो, कारण पाहुण्याने यंत्र दिले पण विद्या दिली नाही. अशा मदतीला आम्ही उपकार म्हणतो. उपकारामुळे घेणारा लहान होतो आणि देणाऱ्यालाही काही शिकता येत नाही.

या चित्राला छेद देणारे प्रयोग गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आफ्रिका खंडात झाले आहेत. संगणक आणि इंटरनेट जाणणारे लोक पगाराविना तेथे गेले, त्यांनी शिकविले आणि ते स्वतःही शिकले. पुढे त्यांचेच विद्यार्थी शिक्षक झाले. आपल्याकडे या प्रयोगांची फारशी चर्चा होत नाही. आफ्रिकेची बातमी म्हणजे दुष्काळ आणि यादवी, एवढेच आपल्या वृत्तपत्रांना ठाऊक. म्हणून या लेखात आम्ही त्या प्रयोगांची ओळख करून देणार आहोत आणि त्यांतून जो प्रश्न उभा राहतो त्याचे उत्तर शोधणार आहोत. कौशल्याची मदत कोणत्या अटींवर घेणाऱ्याला आपल्या पायावर उभे करते, हा तो प्रश्न.

प्रथम घानाकडे वळू. इथन झुकरमन हे अमेरिकन तरुण १९९३ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर घानात गेले. परत आल्यावर ते ट्रायपॉड या इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातील कंपनीत लागले. १९९८ मध्ये ती कंपनी लायकॉसने विकत घेतली आणि झुकरमन यांच्या हाती पैसा आला. त्या काळात अमेरिकेत संगणकातून श्रीमंत झालेले अनेक तरुण होते. झुकरमन यांनी विचार केला की या मंडळींकडे पैशापेक्षाही दुर्मीळ अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कौशल्य. एलिसा कोरेन्टायर यांच्याबरोबर त्यांनी गीककॉर्प्स ही संस्था उभी केली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या पीस कॉर्प्सवरून हे नाव घेतले होते. 'गीक' म्हणजे रात्रंदिवस संगणकात डोके घालून बसणारा माणूस. अशा संगणकवेड्यांची पहिली तुकडी २००० साली घानाची राजधानी अक्रा येथे उतरली. २००१ मध्ये ही संस्था इंटरनॅशनल एक्झिक्युटिव्ह सर्व्हिस कॉर्प्स या १९६४ पासून काम करणाऱ्या संस्थेत विलीन झाली आणि तिच्या छत्राखाली काम चालू राहिले.

या संस्थेची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. स्वयंसेवकांना सरकारी कचेऱ्यांत सल्लागार म्हणून बसविलेले नव्हते. त्यांना अक्रातील लहान लहान संगणक कंपन्यांत काही महिने कामाला ठेवले जाई. कंपनी घानातल्या माणसाची, गिऱ्हाईक घानातले, अडचणीही घानातल्याच. पाहुण्याने त्या कंपनीतल्या मुलामुलींच्या शेजारी बसायचे, हातातले काम त्यांच्याबरोबर करायचे आणि करता करता शिकवायचे. आपल्याकडचा सुतार किंवा गवंडी आपल्या पोराला असाच शिकवितो. व्याख्यान देऊन कोणी रंधा मारायला शिकवीत नाही.

आता पाहुण्याला काय शिकावे लागले ते पाहा. अमेरिकेत वीज जात नाही आणि इंटरनेटची जोडणी जलद असते, हे गृहीत धरून तो आलेला. अक्रात वीज जात असे. देशाची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी त्या काळी उपग्रहावर अवलंबून होती, म्हणजे महाग आणि मंद. मोठमोठी चित्रे घातलेले संकेतस्थळ तेथे उघडतच नसे. मग कमीत कमी अक्षरांत काम भागवायचे, वीज गेली तरी माहिती नष्ट होणार नाही अशी व्यवस्था करायची, जुन्या यंत्रातून जास्तीत जास्त काम काढायचे, हे धडे त्याला गिरवावे लागले. ते धडे त्याला तेथे रोज हे सारे सोसून काम करणाऱ्यांकडूनच मिळणार होते. टंचाईत काम करण्याचे शहाणपण सुबत्तेत वाढलेल्या माणसाजवळ नसते. ते ज्याच्याजवळ असते त्याला जग अडाणी म्हणते, हा भाग वेगळा.

पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात हीच संस्था पुढे गेली. देश अफाट, मोठा भाग वाळवंटाचा, वाचता येणाऱ्यांची संख्या कमी. पण १९९१ मध्ये तेथील लष्करी राजवट कोसळल्यानंतर गावोगावी लहान रेडिओ केंद्रे सुरू झाली होती. म्हणजे माहिती पोहोचविण्याचे साधन लोकांनी स्वतःच उभे केलेले होते. बाहेरून आलेल्यांनी ते ओळखले आणि या रेडिओ केंद्रांना इंटरनेट जोडण्याचे काम हाती घेतले. वाचता न येणाऱ्या माणसाला पडदा काय उपयोगाचा? पण केंद्रावरचा निवेदक पडद्यावरचा मजकूर वाचून आपल्या भाषेत सांगू शकतो. विदेशी अँटेना महाग पडत आणि मोडल्या तर सुटे भाग मिळत नसत. म्हणून पाण्याची प्लास्टिकची बाटली, मोटारसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, खिडकीला लावायची जाळी आणि टीव्हीची केबल यांपासून अँटेना तयार करण्यात आली. यातली प्रत्येक वस्तू बाजारात मिळणारी. मोडली तर गावातला माणूस ती पुन्हा बनवू शकतो. धूळ आणि उष्णता सहन करणारा, कमी विजेवर चालणारा संगणकही याच प्रयत्नांतून तयार झाला. कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून अशी वस्तू सुचत नाही. ती गॅरेजमध्ये, पंक्चरच्या दुकानात सुचते.

येथपर्यंत सारे छान वाटते. पण आम्ही वकील आहोत, दुसरी बाजू तपासल्याशिवाय निकाल मागण्याची आम्हाला सवय नाही. या पद्धतीत दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे पाहुणा अखेर पाहुणाच. तो काही महिन्यांनी जाणार. त्याच्याबरोबर जुळलेले सूत पुढच्या पाहुण्याबरोबर पुन्हा जुळवावे लागणार. दुसरी उणीव पैशाची. मालीतले काम अमेरिकन सरकारच्या विकास निधीवर चालत होते. निधी देणाऱ्याची इच्छा, त्याचे धोरण, त्याची मुदत यांवर काम अवलंबून राहिले की ते केव्हाही आटोपू शकते. तेव्हा विद्या देशात टिकून राहावी यासाठी काय करावे? याचे उत्तर आफ्रिकेतील लोकांनी स्वतःच दिले.

नी क्वेनर हे घानाचे संगणकशास्त्रज्ञ. अमेरिकेत शिकून १९७७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली, तेथील मोठ्या संगणक कंपनीत काम केले. परदेशात सुखाने राहता आले असते. पण ते मायदेशी परतले आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अक्रात इंटरनेटची जोडणी आणण्याच्या कामाला लागले. त्याच सुमारास, १९९३ पासून, इंटरनेट सोसायटी ही आंतरराष्ट्रीय संस्था विकसनशील देशांतील अभियंत्यांसाठी कार्यशाळा भरवू लागली. शिकविणारे स्वयंसेवक होते. पहिली कार्यशाळा अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे झाली. पण एवढ्या दूर आफ्रिकेतून येणार किती? प्रवासखर्च परवडणार कोणाला आणि प्रवेशपत्र मिळणार कोणाला? क्वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग ही शाळाच आफ्रिकेत आणली. आफ्रिकन नेटवर्क ऑपरेटर्स ग्रुप, म्हणजे 'ॲफनॉग', या नावाने २००० साली केपटाऊनला पहिली कार्यशाळा भरली. त्यानंतर २००१ मध्ये अक्रा, २००२ मध्ये लोमे, २००३ मध्ये कंपाला, २००४ मध्ये डाकार, २००५ मध्ये मापुतो, अशी ती देशोदेशी फिरत राहिली. अमेरिकेच्या ओरेगॉन विद्यापीठातील नेटवर्क स्टार्टअप रिसोर्स सेंटर या केंद्राने शिक्षक आणि साधने पुरवून हातभार लावला. क्वेनर यांना २००७ मध्ये इंटरनेट क्षेत्रातील प्रतिष्ठेचा जोनाथन पोस्टेल पुरस्कार मिळाला.

ॲफनॉगच्या कार्यशाळेत चालते काय? खरी उपकरणे टेबलावर मांडलेली असतात. विद्यार्थी त्यांतून आपले जाळे बांधतो, मोडतो, पुन्हा बांधतो. शिक्षक मानधन घेत नाहीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका वर्षीचा हुशार विद्यार्थी पुढच्या खेपेला मदतनीस होतो आणि त्यानंतर स्वतः शिकवू लागतो. केवळ इंग्रजी जाणणाऱ्यांचीच सोय होऊ नये म्हणून फ्रेंच भाषेतील वर्गही सुरू झाले, कारण पश्चिम आफ्रिकेतील कित्येक देशांत शिक्षणाची भाषा फ्रेंच आहे. या क्षेत्रात स्त्रिया नगण्य होत्या. तेव्हा केनियातील संगणकतज्ज्ञ डॉर्कस मुथोनी यांनी २००४ मध्ये 'ॲफचिक्स' ही स्त्रियांची संघटना उभी केली. शिकलेल्या मुलीने मागून येणाऱ्या मुलीचा हात धरायचा, हा तिचा मार्ग.

येथे कायद्याचा एक मुद्दा सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. या कार्यशाळांत फ्रीबीएसडी, लिनक्स अशा मुक्त प्रणालींवर शिकविले जाते. मुक्त प्रणालीचा अर्थ फुकट एवढाच नाही. ती वापरण्याचा, तिची प्रत काढून दुसऱ्याला देण्याचा, तिच्या आत डोकावून ती कशी चालते ते पाहण्याचा आणि तीत बदल करण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीएनयू सार्वजनिक परवाना तयार केला. लिनक्सच्या गाभ्याला तोच लागू आहे. गंमत अशी की हा परवाना कॉपीराइटच्या कायद्यावरच उभा आहे. कुंपण घालण्यासाठी केलेला कायदा कुंपण पाडण्यासाठी वापरण्याची ही युक्ती आहे. याचा परिणाम असा की विद्यार्थी जे शिकतो ते सारे त्याला कायदेशीररीत्या घरी नेता येते, आपल्या गावच्या महाविद्यालयात दहा संगणकांवर घालता येते. विद्या दिली पण साधन कुलपात ठेवले, असे होत नाही.

कौशल्य अंगी आले म्हणजे सगळे आटोपले, असे मात्र नाही. केनियाचे उदाहरण पाहा. नैरोबीत दोन वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांचे ग्राहक होते. एकाने दुसऱ्याला पत्र पाठविले तर ते उपग्रहामार्गे अमेरिका किंवा युरोपला जाऊन पुन्हा नैरोबीत येई. नागपुरात सीताबर्डीहून इंदोऱ्याला धाडलेले पाकीट लंडनमार्गे यावे, तसा हा प्रकार. भाडे अर्थातच परदेशी कंपन्यांना डॉलरमध्ये जाई. तेथील अभियंत्यांनी एकत्र येऊन नोव्हेंबर २००० मध्ये देशातली वाहतूक देशातच वळविणारे अदलाबदल केंद्र सुरू केले. दोन आठवड्यांत नियामक मंडळाने ते बंद पाडले. तक्रार होती सरकारी दूरसंचार कंपनीची. आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर आमची मक्तेदारी आहे आणि हे केंद्र तिचा भंग करते, असे तिचे म्हणणे. इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने न्यायाधिकरणाकडे अपील केले. ही वाहतूक मुळात देशाबाहेर जातच नाही, तर आंतरराष्ट्रीय मक्तेदारीचा भंग होतो कसा, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता. वर्षभराच्या लढ्यानंतर परवाना मिळाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले. ज्या संदेशाला फेरी मारायला एक ते दोन सेकंद लागत, तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पोहोचू लागला.

यातून काय सिद्ध होते? मक्तेदाराला तुमच्या अज्ञानातून उत्पन्न मिळत असते. तुम्ही शिकलात की त्याचे उत्पन्न बुडते. म्हणून विद्येच्या पाठोपाठ कायद्याची लढाई येतेच. तंत्र जाणणारा आणि कायदा जाणणारा यांनी खांद्याला खांदा लावला नाही तर शिकलेले सारे वाया जाऊ शकते.

दुसरे उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण ते सावध करणारे आहे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला क्रमांकाचा पत्ता लागतो. २००५ पूर्वी आफ्रिकेला हे पत्ते प्रामुख्याने युरोप आणि अमेरिकेतील संस्थांकडून मागून घ्यावे लागत. याच शिकलेल्या लोकांनी वर्षानुवर्षे खटपट करून 'आफ्रिनिक' ही आफ्रिकेची स्वतःची संस्था उभी केली आणि एप्रिल २००५ मध्ये तिला मान्यता मिळाली. केवढे हे यश! पण २०२१ पासून ही संस्था पत्त्यांच्या वाटपावरून न्यायालयीन वादांत अडकली आणि २०२३ मध्ये मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर रिसीव्हर नेमला. संस्था उभारणे आणि ती राखणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली येते म्हणून दुसरी येईलच असे नाही. हिशेब, घटना, निवडणूक, नोंदी यांकडे दुर्लक्ष झाले की मोठ्या कष्टाने मिळविलेली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याचा धोका निर्माण होतो. चळवळीच्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

काही जण म्हणतील, हे स्वयंसेवक म्हणजे बड्या कंपन्यांचे विनापगारी विक्रेते. आज फुकट शिकवतील, उद्या आपलाच माल विकतील. काही म्हणतील, शिकलेला आफ्रिकन तरुण तरी देशात कुठे राहतो? तोही संधी मिळताच लंडन गाठतो. या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. त्यावर उपाय मदत नाकारणे हा नाही. उपाय म्हणजे मदतीच्या अटी घेणाऱ्याने ठरविणे. कोणत्या प्रणालीवर शिकायचे, कोणत्या भाषेत शिकायचे, वर्ग कोठे भरवायचा, पुढच्या वर्षी शिकविणार कोण, हे केपटाऊन आणि अक्राच्या लोकांनी स्वतः ठरविले. म्हणूनच त्यांचे काम टिकले. शिकून बाहेर गेलेला माणूसही वर्षातून एक आठवडा परत येऊन शिकवीत असेल तर तो पूर्णपणे गेला असे म्हणता येत नाही.

झुकरमन यांचा पुढचा प्रवासही याच दिशेचा आहे. २००४ च्या अखेरीस त्यांनी रिबेका मॅकिनन यांच्यासमवेत 'ग्लोबल व्हॉइसेस' हा उपक्रम सुरू केला. तेथे देशोदेशीचे लोक आपापल्या भागाची हकीकत स्वतः सांगतात आणि स्वयंसेवक ती अनेक भाषांत उतरवितात. शिकवायला गेलेला माणूस शेवटी ऐकायला बसला. आमच्या मते त्यांच्या घानावारीचे खरे फलित हेच.

अक्रा आपल्यापासून फार दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. २००३ मध्ये तेथे कोफी अन्नान यांच्या नावाचे माहिती तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले ते भारत सरकारच्या साहाय्याने, आणि त्याच्या उभारणीत पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा सहभाग होता. भारत सरकारचा आयटेक हा तंत्रसाहाय्याचा कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे. त्यामुळे आपण केवळ घेणारे आहोत ही समजूत सोडून द्यावी. आपल्या वस्त्यांतून शिकून पुढे गेलेली मुले-मुली आज पुण्यात, बंगळुरात, लंडनमध्ये, अमेरिकेत संगणकावर काम करीत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात परतफेडीची तळमळ असते. पण ती बहुतेक वेळा वर्षातून एकदा देणगीची पावती फाडण्यावर संपते.

या मित्रांना आम्ही तीन कसोट्या सुचवू इच्छितो. पहिली कसोटी, तुम्ही गेल्यावर काम चालू राहते काय? राहत नसेल तर तुम्ही शिकविले नाही, फक्त करून दिले. दुसरी, तुमचा विद्यार्थी पुढच्या वर्षी शिक्षक झाला काय? झाला नसेल तर साखळी तुमच्यापाशीच तुटली. तिसरी, त्या वस्तीतल्या माणसाकडून तुम्ही काय शिकलात? या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुम्ही अजून उपकारच करीत आहात. आणि घेणाऱ्यांसाठीही एक कसोटी आहे. फुकट मिळते म्हणून रांग लावू नका. आम्हाला काय हवे आणि बदल्यात आम्ही काय देऊ, हे आधी ठरवा. द्यायला आपल्याजवळ काही नाही, हे आपल्या मनावर बिंबविलेले सर्वांत जुने खोटे आहे.

१४ मार्च २०२४ रोजी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रातील चार केबली एकाच वेळी निकामी झाल्या आणि घानासह अनेक देशांची इंटरनेट सेवा कोलमडली. केबल कोणाचीही असो, ती तुटू शकते. अशा दिवशी देशातली वाहतूक देशात वळविणारे केंद्र आणि ते चालविणारी घरची माणसे हाताशी असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेतला संगणक बंद पडला तर तो उघडून पाहणारी मुलगी त्या वस्तीत आहे काय? नसेल तर पुढच्या रविवारपासून तिला शिकवायला सुरुवात करा. ती तयार झाली की शेजारच्या वस्तीतल्या दोघींना शिकविण्याचे काम तिच्यावर सोपवा.